मत्स्यपेटीची गाळणी : निवळ पाणी आणि निर्धोक पाणी

घरात काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा काचेआडचे मासे पाहणे ही शाळेच्या सहलीतील अपूर्वाई होती. आज सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावीही रंगीत मासे विकणारी दुकाने आहेत आणि अनेकांच्या दिवाणखान्यात दोन फुटी पेटी दिसते. परंतु त्याचबरोबर एक तक्रारही हमखास ऐकू येते. हौसेने आणलेले मासे महिनाभरही टिकत नाहीत. मग कोणी म्हणते, ‘आमच्या घराला मासे लाभत नाहीत’. तर कोणी स्वतःचे समाधान करून घेते, की घरावरचे संकट मासा आपल्यावर घेऊन गेला. माझ्या मते यात ना घराचा दोष असतो, ना नशिबाचा. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, आणि ते पाणी सांभाळणाऱ्या गाळणीच्या, म्हणजे फिल्टरच्या निवडीचा असतो.

मी भूगोलाचा विद्यार्थी. घर साताऱ्याला आणि शिक्षण सांगलीत, त्यामुळे दोन्ही ठिकाणी पेटी सांभाळण्याची संधी मला मिळाली. दोन गावांत अंतर फारसे नाही, दोन्ही गावे कृष्णेच्या खोऱ्यातलीच. तरीही एकाच प्रकारची गाळणी दोन्हीकडे सारखे काम करीत नाही, असे मला आढळले. असे का होते, याचा शोध घेता घेता जे वाचले आणि पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

गाळणीचे खरे काम कोणते?

‘गाळणी’ हा शब्दच आपल्याला थोडा फसवतो. गाळणी म्हटले की चहाची गाळणी डोळ्यांपुढे येते : चोथा वर राहिला, चहा खाली आला, काम झाले. पूर्वी घरोघरी पाण्यात तुरटी फिरवीत किंवा निवळीची बी उगाळून घालीत. गढूळपणा तळाशी बसे आणि पाणी निवळे. पेटीतील गाळणीचेही काम एवढेच असावे, असा सर्वसाधारण समज आहे.

सांगलीला माझ्या मामांकडे पेटी आणली, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात चार गोल्डफिशपैकी तीन दगावले. मामी मला म्हणाल्या, “पाणी तर आरशागत लख्ख आहे की रे! मग मासे का मरायला लागलेत?” मामींचा हा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. निवळ पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाला मारणारे विष डोळ्यांना दिसत नाही.

मासा खातो, श्वास घेतो, मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि मलातून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तलावात तो अफाट पाण्यात विरून जातो. पन्नास लिटरच्या पेटीत मात्र त्याला जायला वाट नसते. अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात आणि मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतो.

या अमोनियाचा निकाल लावतात ते सूक्ष्म जीव. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जीवाणू वेगळे करून दाखविले. काही जीव अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, कारण ते रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट मात्र त्या मानाने बरेच सौम्य असते. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर करतात, असे जुन्या पुस्तकांत दिलेले असते. परंतु मत्स्यपेट्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा या गटाचे जीवाणू करतात, असे १९९८ पासूनच्या संशोधनात दिसून आले आहे. नावे कोणतीही असोत, आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की हे जीव पाण्यात मोकळे फारसे राहत नाहीत. त्यांना चिकटून राहावयास खरखरीत, सच्छिद्र पृष्ठभाग लागतो, आणि त्या पृष्ठभागावरून प्राणवायूयुक्त पाणी सतत वाहावे लागते. हा पृष्ठभाग आणि हे वाहते पाणी पुरविणे, हेच गाळणीचे खरे काम होय. कचरा अडवणे हे त्या मागोमागचे काम आहे.

हे तत्त्व माणसाने पूर्वीच वापरले आहे. लंडनमध्ये चेल्सी येथे १८२९ साली जेम्स सिम्प्सन यांनी वाळूच्या मंद गाळण्या बांधल्या. त्यांचे यश नुसत्या वाळूत नव्हते. वाळूच्या वरच्या थरावर जमणाऱ्या सजीव साक्याचा त्यात मोठा वाटा होता. म्हणूनच मी गाळणीची तुलना चहाच्या गाळणीशी न करता दह्याच्या भांड्याशी करतो. विरजण लागले तर दही होते. भांडे कितीही लख्ख असले तरी विरजणावाचून काही होत नाही. नव्या पेटीतील गाळणीला हे विरजण लागायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मामांच्या पेटीतील मासे तिसऱ्या आठवड्यात का गेले, याचे उत्तर येथे मिळते. गाळणी चालू होती, पण ती अजून ‘लागलेली’ नव्हती.

दोन गावांची दोन पाणी

आता भूगोलाकडे वळू. सातारा शहराच्या एका भागाला कासच्या तलावाचे पाणी येते. कासचे पठार जांभ्या दगडाचे, पाऊस मुसळधार; तेव्हा या पाण्यात विरघळलेले क्षार कमी. साबणाला फेस भरपूर येतो, भांड्याला पांढरा थर क्वचितच धरतो. याला आपण मऊ पाणी म्हणतो. सांगलीत नळाला कृष्णेचे पाणी येत असले तरी अनेक घरांत कूपनलिकेचे पाणी वापरतात. काळ्या कातळातून आणि काळ्या जमिनीतून झिरपलेले हे पाणी जड असते. बादलीला, नळाच्या तोटीला पांढरी खपली धरते, ती या क्षारांचीच.

गाळणीशी याचा संबंध दोन प्रकारे येतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातील एक रूप अतिशय विषारी, तर दुसरे त्या मानाने निरुपद्रवी. कोणते रूप किती, हे पाण्याचा सामू, म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो, आणि तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर विषारी रूप जेमतेम अर्धा टक्का असते. सामू ८ झाला की तेच सुमारे पाच टक्के होते. म्हणजे तेवढ्याच अमोनियाचा धोका जवळजवळ दहापट वाढतो. तापमान ३० अंशांवर गेले की त्यात आणखी भर पडते. सांगलीचे जड पाणी सहसा अल्कधर्मी असते आणि एप्रिल-मे महिन्यांत माझ्या पेटीतील पाणी ३१-३२ अंशांपर्यंत जाते. तेथे गाळणी कमजोर असून चालत नाही.

साताऱ्याची अडचण उलट आहे. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यात आम्ल तयार होते आणि ते पाण्यातील क्षारता खाऊन टाकते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने, सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्च होते. जड पाण्यात ही शिल्लक भरपूर असते. मऊ पाण्यात ती लवकर संपते, सामू घसरतो आणि सूक्ष्म जीवांचे काम मंदावते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत माझ्या साताऱ्याच्या पेटीचे पाणी १९-२० अंशांवर येते. थंडीतही हे जीव आळसावतात. तेव्हा साताऱ्यात गाळणीत सूक्ष्म जीवांना जागा ऐसपैस हवी, पाणी नियमित बदलावे आणि गाळणीत शिंपल्यांचे थोडे तुकडे टाकावेत. ते सावकाश विरघळून क्षारता भरून काढतात. सांगलीत शिंपल्यांची मुळीच गरज नाही.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होण्यासाठी साडेचार ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे उन्हाळ्यात माशालाही प्राणवायू कमी आणि गाळणीलाही कमी. म्हणून जी गाळणी पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवते, ती आपल्याकडे अधिक उपयोगी.

बाजारात मिळणाऱ्या गाळण्या

दुकानात गेल्यावर नाना आकारांच्या गाळण्या समोर येतात. त्यांचे मुख्य प्रकार असे :

पहिला, स्पंजची गाळणी. हवेच्या पंपाची नळी तिला जोडतात. बुडबुडे वर चढताना स्पंजमधून पाणी ओढून घेतात. किंमत कमी, बिघडण्यासारखे काही नाही, आणि पिल्ले आत ओढली जाण्याची भीती नाही. दिसायला मात्र ओबडधोबड, आणि पंपाचा गुणगुणाट ऐकावा लागतो.

दुसरा, वाळूखालची जाळी. पेटीच्या तळाशी जाळी, तिच्यावर दोन-तीन इंच जाड वाळू किंवा बारीक खडे. पाणी त्यातून खाली ओढले जाते, त्यामुळे सारा तळच गाळणी बनतो. काम उत्तम करते. पण गाळ जाळीखाली साचत जातो आणि तो काढण्यास कालांतराने पेटी उपसावी लागते. तळ उकरणाऱ्या माशांना व मुळे धरणाऱ्या वनस्पतींना ती मानवत नाही.

तिसरा, पाण्यात बुडणारी विजेची गाळणी. लहानशी मोटर व तिला जोडलेली स्पंजची डबी. प्रवाह जोरदार, परंतु डबी लहान असल्याने सूक्ष्म जीवांना जागा बेताचीच.

चौथा, पेटीच्या माथ्यावर ठेवायची किंवा काठाला अडकवायची गाळणी. पाणी वर चढून पन्हळीतून किंवा डब्यातून परत पेटीत पडते. पडताना हवेत मिसळते, हा तिचा मोठा गुण. पन्हळीत आपल्या मनासारखे सच्छिद्र तुकडे भरता येतात.

पाचवा, बाहेर ठेवायची बंद डब्याची गाळणी, जिला दुकानदार कॅनिस्टर म्हणतात. जागा सर्वांत जास्त, आवाज सर्वांत कमी, किंमत मात्र सर्वांत जास्त. तिचा एक अवगुण आपल्याकडे विशेष जाणवतो. वीज काही तास गेली, तर बंद डब्यातील प्राणवायू संपतो, आतले जीव गुदमरतात, आणि वीज आल्याबरोबर तेच कुजके पाणी पेटीत येते.

याखेरीज कोळशाच्या पिशव्या आणि निळ्या दिव्याच्या गाळण्या विकल्या जातात. कोळसा रंग, वास व औषधाचा अंश शोषतो. अमोनियावर त्याचा इलाज चालत नाही. निळा दिवा पाण्यातील हिरवे शेवाळ मारतो. दोन्ही वस्तू पूरक आहेत. मूळ गाळणीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

निवड कशी करावी?

प्रथम पेटीचा हिशोब करावा. लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि त्याला २८ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच पेटी म्हणजे सुमारे ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर धरावे. पेटीतील पाणी तासाला चार ते सहा वेळा गाळणीतून जावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे या पेटीला तासाला २०० ते ३०० लिटरची गाळणी हवी. खोक्यावर छापलेला आकडा स्वच्छ, रिकाम्या गाळणीचा असतो. आत स्पंज भरला, तो मळला, की प्रवाह कमी होतो. म्हणून थोडी मोठी गाळणी घ्यावी, पण प्रवाहाने मासे ढकलले जातील इतकी मोठी नको.

दुसरे, मासे कोणते ते पाहावे. फायटर माशाला संथ पाणी लागते. त्याला स्पंजची गाळणी पुरे. गप्पी मासे पिल्ले घालतात, त्यांनाही स्पंजच योग्य. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून सोडले जाणारे हे मासे सांगलीच्या जड पाण्यात विशेष सुखाने राहतात. गोल्डफिश हा मात्र खादाड आणि घाण करणारा मासा. ५० लिटरमध्ये दोनांपेक्षा जास्त ठेवूच नयेत, आणि तेही लहान असेपर्यंतच. त्यांच्यासाठी माथ्यावरची गाळणी व जोडीला स्पंज, अशी व्यवस्था बरी. ऑस्करसारखे मोठे मासे चार फुटी पेटीतच ठेवावेत व तेथे बंद डब्याच्या गाळणीचा खर्च सार्थ ठरतो. काचेच्या गोल भांड्याला योग्य गाळणी बसतच नाही; तेव्हा अशा भांड्यात मासा न ठेवणेच उत्तम.

तिसरे, विजेचा विचार. ५ वॅटचा हवेचा पंप अहोरात्र चालला तर महिन्याला ३.६ युनिट वीज लागते; २५ वॅटच्या मोटरीला १८ युनिट. खर्चापेक्षाही मोठा प्रश्न वीज जाण्याचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या आसपास गेली आणि शहराचे अनेक भाग अंधारात होते. असा प्रसंग रोज येत नाही, पण वळवाच्या पावसात चार-सहा तास वीज जाणे कोणालाच नवे नाही. अशा वेळी स्पंजची गाळणी उपयोगी पडते, कारण बॅटरीवरच्या लहानशा पंपावरही ती चालते. हवेचा पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. नाहीतर वीज जाताच नळीतून पाणी उलटे वाहून पंपात व जमिनीवर येते. तसेच विजेची तार प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न शिरता खाली गळतो.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : गाळणी कोण धुणार? जी गाळणी उघडायला पाऊण तास लागतो, ती परीक्षेच्या दिवसांत कोणी उघडत नाही. आपल्या हाताला जी सोपी, तीच आपल्याला योग्य.

हे सारे विचारात घेता, आपल्या भागातील दोन फुटी पेटीसाठी माझी निवड दोन स्पंज गाळण्या अशी आहे. एकच मोठी घेण्यापेक्षा दोन बऱ्या, कारण त्या आळीपाळीने धुता येतात. साताऱ्याच्या पेटीत मी हेच केले आहे. सांगलीच्या पेटीत उन्हाळ्याच्या विचाराने एक स्पंज आणि एक माथ्यावरची गाळणी ठेवली आहे. तिच्या पन्हळीत महागड्या सामानाऐवजी भाजलेल्या विटेचे व कौलाचे स्वच्छ धुतलेले तुकडे भरले आहेत. पोत खरखरीत, किंमत शून्य.

निगा

चांगली गाळणी घेऊनही ती चुकीच्या रीतीने धुतली तर सारे फुकट जाते. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते. त्या पाण्याखाली स्पंज खसाखसा धुतला, की महिनाभर जमलेले विरजण पाच मिनिटांत नाहीसे होते. पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळावा. तो पांढराशुभ्र होण्याची आवश्यकता नाही. दर महिन्याला गाळणीतील सामान बदलण्याची सूचना खोक्यावर असली, तरी सगळे एकदम कधीही बदलू नये.

गाळणी नायट्रेट काढीत नाही, म्हणून आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलावेच लागते. नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. नव्या पेटीसाठी, ज्याचे मासे निरोगी आहेत अशा ओळखीच्या घरातून चालू गाळणीचा स्पंजचा तुकडा मागून आणावा, जसे शेजारून विरजण आणतो तसे. मामांच्या पेटीत पुढच्या वेळी आम्ही हेच केले. पहिले तीन आठवडे दोनच मासे ठेवले, खाद्य चिमूटभर घातले. ते दोन्ही मासे आजही आहेत, आणि मामी आता पाणी निवळ आहे की नाही हे पाहण्याऐवजी मासे पृष्ठभागाशी येतात का, हे पाहतात.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. नदीच्या पात्रातील बुळबुळीत दगड आणि वाळू हीदेखील गाळणीच आहे. तिच्यावरचे सूक्ष्म जीव काठच्या गावांचे सांडपाणी पचवीत असतात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरीत असतात. तिच्या कुवतीबाहेर मळी आणि मैला आला, की प्राणवायू संपतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो अनेकांनी डोळ्यांनी पाहिला. पन्नास लिटरची पेटी सांभाळताना किती माशांना किती गाळणी पुरते, हा हिशोब हाताला लागतो. तो एकदा लागला, की पुलावरून जाताना नदीच्या पाण्याकडेही माणूस त्याच हिशोबाने पाहू लागतो.